डायजेस्टरचा पोळा

कारखान्याच्या एका जुन्या वार्षिक अहवालात एक रंगीत फोटो आहे. मागे डिस्टिलरीचं धुराडं, पुढे हार घातलेले पाहुणे, आणि बाजूला एका उंच लोखंडी नळीच्या टोकाला पेटलेली भलीमोठी ज्योत. खाली छापलंय, ‘प्रदूषणमुक्तीकडे वाटचाल’. परवा एका समारंभात हाच फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता आणि त्याच्यासमोर माझा सत्कार झाला. शाल, नारळ, दोन मिनिटांचं कौतुक. सूत्रसंचालक म्हणाला, कार्बन हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हा बाईंनी हे काम केलं. टाळ्या झाल्या. मी नमस्कार केला आणि खाली बसले, कारण उभं राहून बोलायला लागले असते तर तोंडातून काय निघालं असतं याचा मला भरवसा नव्हता.

त्या ज्योतीने आमच्या कामाचा जीव घेतला होता. आणि त्याची शिक्षा ज्या माणसाला झाली तो फोटोत कुठेच नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे. कुणाचं नाव सांगणार नाही, कारखान्याचंही नाही. जिल्हा आमचाच, नगर. नदीकाठचा ऊसपट्टा आणि नव्वदच्या दशकाची मधली वर्षं, एवढं पुरे.

मी मूळची भिंगारची. वडील छावणीतल्या वर्कशॉपात सिव्हिलियन फिटर होते, त्यामुळे आमचं घर लष्कराच्या भोंग्यावर चालायचं. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं तेव्हा आई शेजारणींना सांगायची, ‘आमची जंतूंचं शिकली.’ कारखान्यात मुलाखतीला गेले तर एम.डी. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, लग्न कधी करणार. दुसरा विचारला, शेणाचा वास चालेल का. दोन्हींना मी ‘बघू’ म्हणाले आणि मला घेतलं. दुसरं कुणी यायलाच तयार नव्हतं, हे नंतर कळलं.

साखर काढून उरलेल्या मळीपासून डिस्टिलरीत अल्कोहोल काढायचे, आणि अल्कोहोलच्या कितीतरी पट काळं, कढत, आंबूस पाणी मागे उरायचं. त्याला स्पेंटवॉश म्हणत. ते कारखान्यामागच्या उघड्या तळ्यांत सोडून देत. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी त्यामुळे चहाच्या रंगाचं झालं होतं. शेतकरी बाटल्यांत ते पाणी भरून आणायचे आणि ऑफिसच्या पायऱ्यांवर ओळीने मांडून ठेवायचे. शिपाई संध्याकाळी त्या बाटल्या उचलायचा. त्यात काय आहे हे कुणी तपासायला सांगितलं नाही, मी विचारलं तर ‘तुमचं ते काम नाही’ असं उत्तर मिळालं.

वासाला सगळेच शिव्या द्यायचे. पण तळ्यांवर दिवसभर जे बुडबुडे यायचे त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. त्यात मिथेन होता. धूर निदान दिसतो, कपड्यांवर काजळी पडते, बायका कपाळाला हात लावतात. मिथेन दिसत नाही, तो वर जाऊन धुरातल्या कार्बन वायूच्या कितीतरी पट उष्णता धरून ठेवतो. आणि गंमत अशी की पावसाळ्यात उसाची चिपाडं संपली की डिस्टिलरीचा बॉयलर कोळशावर चालायचा. म्हणजे जळणारा वायू तळ्यांतून आकाशात सोडून द्यायचा, आणि लांबून आलेला कोळसा ट्रकांनी ओतून जाळायचा. हा मूर्खपणा थांबवणं एवढंच माझं काम होतं.

मी येण्याआधी एका कंत्राटदाराने तीन मजली उंचीची बंद लोखंडी टाकी बांधून दिली होती, डायजेस्टर. आत स्पेंटवॉश घालायचा, जिवाणू तो खातील आणि गॅस देतील, गॅस बॉयलरला जाईल, असा हिशेब. गावोगावचं शेण आणून आत ओतलं, उद्घाटन झालं, महिनाभर गॅस आला आणि बंद पडला. बंद पडणारच होता. शेणातले जिवाणू गाईच्या पोटातले, त्यांना गवत कडबा माहीत. आमचं ते गंधकाचं, खारट, पोळणारं पाणी त्यांच्या बापजाद्यांनी कधी बघितलं नव्हतं. उद्घाटनाची कोनशिला मात्र शाबूत होती, तिला रोज कुणीतरी फडकं मारायचं.

तेव्हा मला जिवाणू घडवायचे होते. लॅबमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी वीस निळे ड्रम मांडले. कशात शेण, कशात भिंगारच्या मैलाटाक्यांचा गाळ, कशात आमच्याच तळ्यांच्या तळचा काळा चिखल. दर आठवड्याला त्यांना थोडा जास्त कडक स्पेंटवॉश द्यायचा, थोडी जास्त उष्णता द्यायची. मरतील ते मरू द्यायचे. जगतील त्यांना पुढच्या ड्रमात न्यायचं, दुधाला विरजण लावतात तसं. असं दोन वर्षं. यात चमत्कार काही नाही, चिकाटी आहे, आणि हाताला लागलेला वास साबणाने जात नाही.

या कामात माझ्याबरोबर एकच माणूस होता. टाकीवरचे ऑपरेटर, पंचेचाळिशीचे. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणायची. अकरा वर्षं रोजंदारीवर. अक्षर असं सुरेख की लॅबमधल्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या मी त्यांच्याकडूनच लिहून घ्यायची. पाळी संपली की टाकीच्या लॉगबुकात ते अर्धं पान भरून लिहायचे, तिथे बाकीचे ऑपरेटर ‘सर्व ठीक’ लिहून सही ठोकत. त्यांची वस्ती कारखान्यापासून दोन कोसांवर, त्यांच्या दोन मुली तेवढं अंतर चालत कॉलनीच्या फाटकालगतच्या शाळेत यायच्या. कायम झाल्यावर कॉलनीत खोली मिळायची. मामांना बाकी काही नको होतं, ती खोली हवी होती. पोरींच्या चपला महिन्यात झिजतात, असं ते म्हणायचे.

सुरुवातीलाच मी त्यांच्याशी एक घोडचूक केली. कत्तलखान्यातून जनावरांच्या पोटातला ओला चोथा आणायचा होता, त्यात हवे ते जिवाणू भरपूर असतात. मी सहज म्हणाले, मामा, तुम्ही जाऊन आणा ना. त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली.

‘म्याडम,’ ते म्हणाले, ‘आमच्या वडलांनी मेलेली जनावरं वढायचं सोडलं, गावानं वाळीत टाकलं तरी पुन्ना हात लावला न्हाई. आमी बौद्ध झालो ते त्याच्यासाठीच. हे सोडून काय बी सांगा.’

मला कानकोंडं झालं. भिंगारला सगळ्या जातींच्या आमच्या आळीत राहून, एम.एस्सी. होऊन, मला हे सुचू नये याचा राग आला. दुसऱ्या दिवशी मीच एस.टी.ने नगरला गेले आणि झाकणाचे दोन डबे भरून आणले. मोटारीत शेजारची बाई उठून मागे जाऊन बसली. कारखान्यात आल्यावर मामांनी डबे माझ्या हातातून घेतले. म्हणाले, ‘लॅबमदी आलं की ते लॅबचं. आता मी उचलतो.’

बाकी कामगारांना हे सगळं समजावायचं कसं, हा प्रश्न होता. जिवाणू म्हटलं की ते रोगाचं समजत. शेवटी मी सांगितलं, हा गोठा आहे. आत जनावरं आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत इतकी लहान. वेळच्या वेळी चारा, बेताचा चारा. जास्त घातला की पोट फुगतं, आंबतं, मरतात. हे मात्र सगळ्यांना एका दमात समजलं. शेतकऱ्यांची पोरं ती, बॉयलरवरची, पंपावरची. त्या दिवसापासून टाकीचं नाव गोठा पडलं. मी सकाळी आले की बॉयलरवरचा हसत विचारायचा, ‘काय म्याडम, जनावरं रवंथ करत्यात का?’ मला तेव्हा माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात माझं विरजण आम्ही टाकीत सोडलं. तीन आठवडे मी धड जेवले नाही. मग गॅस यायला लागला आणि येतच राहिला. पावसाळा आला, चिपाडं संपली, आणि पहिल्यांदा बॉयलर गॅसवर चालला. कोळशाचे ट्रक रोज यायचे ते आठवड्यातून एखादा यायला लागला. तळ्यांवरचे बुडबुडे कमी झाले. कॉलनीतल्या बायकांनी गच्चीवर पांढरे कपडे वाळत घालायला सुरुवात केली. त्यांना मिथेन माहीत नव्हता आणि कार्बनशीही काही देणंघेणं नव्हतं, पण धुतलेली चादर धुतलेलीच राहतेय हे त्यांना दिसलं. आयुष्यात त्याच्याहून मोठा सत्कार माझा झाला नाही.

दसऱ्याला कायम करायच्या लोकांची यादी लागणार होती. मामांचं नाव त्यात आहे, हे एम.डी. साहेबांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं. त्या आठवड्यात मामांनी पोरींना आणून कॉलनीतली खोली बाहेरून दाखवली.

आणि मग पाहुणे येणार असं ठरलं. मुंबईहून, वरून, कुणीतरी मोठे. त्यांनी पसंत केलं तर दुसरा डायजेस्टर मंजूर होणार होता. मलाही तो हवा होता, खोटं कशाला बोलू. अर्धा स्पेंटवॉश अजून तळ्यांतच जात होता. येण्याची तारीख पडली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.

एम.डी. साहेबांनी मला बोलावलं. ‘मॅडम, पाहुण्यांना दाखवायचं काय?’

मी म्हणाले, बॉयलर गॅसवर चाललेला दाखवू.

‘बॉयलर काय, बाहेरून लोखंडाचा डबा. आत काय जळतंय ते कुणाला दिसतं? फोटोत काय येणार?’ त्यांनी खिडकीतून त्या उंच नळीकडे बोट केलं. जास्तीचा गॅस जाळून टाकायला ती नळी होती, वापर क्वचित. ‘ज्योत पाहिजे. लांबून दिसली पाहिजे. हमरस्त्यावरून गाडी वळली की दिसली पाहिजे.’

मी सांगितलं, तेवढा गॅस नाही. ते म्हणाले, बॉयलरचा गॅस बंद करा, सगळा नळीला द्या. मी विचारलं, मग बॉयलर कशावर चालेल? ते म्हणाले, कोळशावर, इतकी वर्षं चालतच होता की. वर म्हणाले, ‘आणि चारा दुप्पट करा. तीन दिवस. ज्योत दुप्पट होईल.’

मी म्हणाले, साहेब, टाकी आंबेल. मरेल सगळं.

‘तीनच दिवस हो. लग्नात माणूस दोन लाडू जास्त खातो, मरतो का?’

मी म्हणाले, मग मला लेखी द्या. ते मनापासून हसले. ‘मॅडम, कारखाना लेखी चालत नाही.’

मी तिथे आदळआपट करायला हवी होती. टाकीच्या व्हॉल्व्हला कुलूप घालून किल्ली नदीत टाकायला हवी होती. मी लॅबमध्ये आले आणि पेपर चाळत बसले. दुपारी मामा आले. साहेबांनी त्यांना परस्पर सांगितलं होतं.

‘म्याडम, दुप्पट सोडा म्हनत्यात. सोडू का?’

ते उगाच विचारत नव्हते. मी नाही म्हणाले असते तर त्यांनी सोडलं नसतं, मग साहेब येवोत नाहीतर साहेबांचा बाप. ते मला पक्कं ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे न बघता म्हणाले, ‘सांगितलंय ना त्यांनी. सोडा.’

पोळ्याच्या संध्याकाळी मी कॉलनीतच होते. कामावर मामा होते, त्यांच्या घरी पोळा नव्हता, म्हणून सणाची पाळी नेहमीच त्यांच्या गळ्यात पडायची. बॉयलरवरचा आणि पंपावरचा घरची बैलं ओवाळून, जेवून, डब्यात नैवेद्य घेऊन आले. गोठ्यातल्या जनावरांना पोळ्याला उपाशी कसं ठेवायचं? त्यांनी पंपाला हळद-तूप चोळलं, टाकीला कुंकू लावलं आणि चारा सोडायच्या हौदात पुरणपोळी टाकली. मामा नको म्हणत होते. हे मला दुसऱ्या दिवशी पंपावरच्यानेच सांगितलं, कौतुकाने. ‘मामा लई वराडलं, म्याडम. पन सनाचं काय व्हतं थोडं घातल्यानं.’ मला हसू आलं होतं, हे मला नीट आठवतं. त्या दिवसातली तेवढीच एक गोष्ट मला गोड वाटली होती.

पाहुणे अकराला आले. ज्योत खरोखर हमरस्त्यावरून दिसत होती. भर उन्हात ती नळी भडभडून जळत होती, आणि तिच्यामागे बॉयलरच्या धुराड्यातून कोळशाचा काळा लोट वर चालला होता. कोळसा वाचवणारा प्रकल्प दाखवायला आम्ही कोळसा जाळत होतो आणि गॅस हवेत. पाहुण्यांपैकी एकालाही तो धूर दिसला नाही. छायाचित्रकाराला दिसला, त्याने साहेबांच्या सांगण्यावरून कॅमेरा थोडा खाली घेतला. नीट बघा, त्या फोटोत धुराड्याचा शेंडा कापलेला आहे. मला गळ्यात हार घालून उभं केलं होतं. एका पाहुण्याने विचारलं, ‘यात तुमचे ते बॅक्टेरिया कुठे असतात?’ मी टाकी दाखवली. ते म्हणाले, ‘व्हेरी गुड.’

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीचा वास बदलला होता. शिर्क्यासारखा आंबट. पीएचचा कागद बुडवला तर नको तो रंग आला. दुपारी वरच्या झाकणातून तपकिरी फेस उतू लागला, आणि संध्याकाळपर्यंत गॅसचा काटा शून्यावर आला. मी आणि मामा चुन्याची पोती फोडून फोडून पाण्यात कालवून आत ओतत होतो. माझी बोटं उकलली. तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, ‘म्याडम, गेलं आता. उगी हात नका जाळू.’

आता कुणाच्या तरी गळ्यात घालणं आलं. एम.डी. साहेबांनी दोन संचालकांना बोलावलं, मला बोलावलं, बॉयलरवरच्याला आणि पंपावरच्याला उभं केलं. मामांना दाराबाहेर थांबवलं होतं. टाकीवरचं कुंकू सगळ्यांनी बघितलं होतं. साहेब म्हणाले, पोळ्याला टाकीत पुरणपोळ्या पडल्या, गोड पडलं, म्हणून आंबलं. पाळीवर कोण होतं?

मी म्हणाले, साहेब, एवढ्या मोठ्या टाकीत दोन पुरणपोळ्या म्हणजे काहीच नाही. त्याने काहीही होत नाही.

तर संचालकांतले एक वयस्कर शेतकरी माझ्याकडे वळून म्हणाले, ‘बाई, तुमीच तर म्हनता ना ही जनावरं हायेत, जास्ती झालं की पोट फुगून मरत्यात? आमच्या गाईला औंदा पुरन जास्ती झालं, तशीच गेली.’ ते मनापासून बोलत होते. त्यांना माझाच धडा पाठ होता. मी तोंड उघडलं आणि चारा दुप्पट झाल्याचं सांगणार तेवढ्यात साहेब म्हणाले, ‘मॅडमशी मी नंतर बोलतो.’ आणि मी गप्प झाले. एवढ्यावर.

बॉयलरवरच्याने जमिनीकडे बघितलं, पंपावरच्याने छताकडे. पोळी कुणी टाकली, हे दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही. पाळीवर मामा होते, एवढंच सांगितलं. खरंच होतं ते. ज्या माणसाच्या घरी पोळाच नाही, त्याने पोळ्याचा नैवेद्य टाकला, हे त्या खोलीत सगळ्यांनी मान डोलावून मान्य केलं. कुणाला हसू आलं नाही, लाजही वाटली नाही.

सगळे गेल्यावर साहेबांनी लॉगबुक काढलं आणि पोळ्याचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. ते सुरेख अक्षर. मामांनी लिहिलं होतं: एम.डी. साहेबांच्या तोंडी सांगण्यावरून, मॅडमना विचारून व त्यांनी हो म्हटल्यावरून, आज तिसऱ्या दिवशीही दुप्पट स्पेंटवॉश सोडला. टाकीची आंबण्याची भीती वाटते. संध्याकाळी हौदात दोन पुरणपोळ्या टाकण्यात आल्या. टाकणाऱ्यांची भावना चांगली होती, म्हणून नावं लिहीत नाही.

साहेब म्हणाले, ‘मंजुरीचे कागद वर आहेत. हे पान वर गेलं तर दुसरा डायजेस्टर विसरा. हाही भंगारात जाईल. तुमचे ड्रमबिम सगळं. विचार करा.’ आणि ते फोन घ्यायला बाहेरच्या खोलीत गेले.

कित्येक वर्षं मी हे असंच सांगत आले की मी प्रकल्पासाठी केलं. तळ्यांसाठी, विहिरींसाठी, धुरासाठी. एका माणसाची खोली एका बाजूला आणि सगळ्या परिसराची हवा दुसऱ्या बाजूला, असा मोठा विचार मी केला म्हणे. हे साफ खोटं आहे. त्या पानावर दोन माणसांची नावनिशी होती, एक साहेबांची आणि एक माझी, आणि माझी नजर माझ्यावरच अडकली होती. साहेबांनी पान फाडलं नाही. त्यांनी फाडायला सांगितलंही नाही. ते मी फाडलं, घडी केली आणि पर्समध्ये टाकलं. साहेब परत आले, वही बंद केली आणि चहा मागवला.

रोजंदारीच्या माणसाला काढायला कागद लागत नाही. मामांना फाटकावर सांगितलं, उद्यापासून येऊ नका. त्यांनी लॉगबुक उघडायला लावलं, तर पोळ्याचं पान फाडलेलं होतं, आणि शेवटी वहीपाशी मीच होते हे त्यांना ऑफिसच्या शिपायाने सांगितलं. दसऱ्याला यादी लागली. मामांच्या जागी पंपावरच्याचं नाव होतं. त्याने मला पेढा दिला आणि मी तो घेतला.

डायजेस्टर पुन्हा जिवंत झाला, हे सांगायलाच हवं. ड्रमांतलं विरजण शिल्लक होतं. बेताबेताने चारा देत दिवाळीपर्यंत गॅस आला, बॉयलरला लागला, कोळसा थांबला. मंजुरी आली. पुढच्या वर्षी दुसरी टाकी उभी राहिली, तिचीही कोनशिला बसली. आज लोक माझ्याकडे बघून ज्या कामाचं नाव घेतात ते काम खरं आहे, हवेत जाणारा धूर खरंच कमी झाला. याचाच मला जास्त राग येतो. ते सगळं फसलं असतं तर मला स्वतःला शिव्या देणं सोपं गेलं असतं.

हंगाम सुरू झाल्यावर एका रविवारी मी मामांच्या वस्तीवर गेले. जाताना काय बोलायचं ते घोकत गेले होते. नवीन टाकीवर माणसं लागणार आहेत, मी साहेबांना बोलते, पुन्हा घेतील, वगैरे. मामा घरीच होते. वीटभट्टीवर जात होते आता, हात लाल झाले होते. त्यांनी खुर्ची बाहेर आणली, फडक्याने पुसली, मला बसवलं. थोरल्या मुलीने पाणी दिलं. आत बायकोला त्यांनी चहा टाकायला सांगितलं. धाकटी दाराशी बसून दप्तर आवरत होती. शाळा सोडली नव्हती, अजूनही दोन कोस चालतच होत्या.

मी घोकलेलं बोलायला लागले. मामांनी हात वर केला.

‘ते ऱ्हाऊ द्या, म्याडम. मला एक इचारायचं हुतं. लई दिवस झालं.’

‘विचारा ना.’

‘ते पान तुमी फाडलं?’

‘हो.’

‘फाडायच्या आदी वाचलं हुतं का?’

नाही म्हणाले असते तर चाललं असतं. त्यांना तेच ऐकायचं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण एवढं करून वर आणखी खोटं बोलायची हिंमत मला झाली नाही.

‘वाचलं होतं.’

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

‘घरी मी सांगिटलं हुतं,’ ते म्हणाले, ‘म्याडमनी वाचलं नसंल. घाईत असत्यात. वाचलं असतं तर फाडलं नसतं.’

मग ते उठले, दाराशी गेले आणि आत हाक मारून बायकोला म्हणाले, ‘चहा नको टाकू. म्याडम निघाल्यात.’